छप्पर कोणाचे?
न्यू यॉर्कची पोर्तो रिकन वस्ती, तिचे रुग्णालय आणि एक मंडळी

मार्काच्या शुभवर्तमानातील पक्षघाती मनुष्याच्या वृत्तांतावर आपण सर्वांनी प्रवचने ऐकली आहेत व आपल्यापैकी पुष्कळांनी ती केलीही आहेत. दाराशी दाटी झाली म्हणून चौघांनी छप्पर उसकटले आणि आजाऱ्याची बाज खाली सोडली. त्या चौघांच्या विश्वासाविषयी आपण बोलतो, शास्त्र्यांच्या मनातील कुरकुरीविषयी बोलतो. परंतु ज्याचे ते घर होते त्याच्याविषयी सुवार्तिकाने एक अक्षरही लिहिलेले नाही. डोक्यावर माती पडू लागली तेव्हा त्याला काय वाटले? ते छप्पर पुढे कोणी शाकारले? हा प्रश्न आमच्या मनात प्रथम उभा राहिला तो एखादे भाष्य वाचताना नव्हे, तर न्यू यॉर्क शहरातील एका मेथडिस्ट मंडळीची हकीकत वाचताना. ती मंडळी व तिच्या भोवतालची आजारी वस्ती यांचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडावयाचा आहे.

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील बेट १८९८ साली स्पेनच्या हातून अमेरिकेच्या हाती गेले. १९१७ साली तेथील रहिवाशांस अमेरिकन नागरिकत्व मिळाले. उसाच्या मळ्यांवर पोट भरेना तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर हे लोक विमानाने न्यू यॉर्ककडे येऊ लागले. १९४० साली त्या शहरात पोर्तो रिकन लोकांची संख्या सुमारे ६१ हजार होती. १९७० साली ती ८ लाखांवर गेली. पूर्व हार्लेम हा त्यांचा पहिला मोहल्ला. स्पॅनिशमध्ये त्याला ते नुसते ‘एल बारिओ’, म्हणजे ‘वस्ती’, म्हणत. तेथे जागा पुरेना तेव्हा नदीपलीकडील दक्षिण ब्रॉन्क्स भरला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे लोक परदेशी नव्हते. नागरिकत्वाची कागदपत्रे नाहीत म्हणून उपचार नाकारले गेले, असे त्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. १९६५ साली गरिबांसाठी ‘मेडिकेड’ ही सरकारी योजनाही आली. जगातील उत्तमोत्तम वैद्यकीय महाविद्यालये त्याच शहरात होती. तरीही या वस्त्यांतील क्षयाचे, दम्याचे व बालमृत्यूंचे प्रमाण शहराच्या सुखवस्तू भागांहून कितीतरी अधिक होते. म्हणजे औषध होते, डॉक्टर होते, कायदाही होता. आजारी माणूस आणि उपचार यांच्यामध्ये उभे होते ते दुसरेच काही. ते काय होते हे एकेका लहान गोष्टीतून उलगडत जाते, म्हणून त्या लहान गोष्टी जरा विस्ताराने सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट रंगाची. जुन्या चाळवजा इमारतींच्या भिंतींना शिसे मिसळलेला रंग दिलेला असे. घराच्या आत असा रंग देण्यास न्यू यॉर्क शहराने १९६० साली बंदी केली, पण आधी दिलेला रंग खरवडून काढण्याचा खर्च घरमालकांनी केला नाही. रंगाचे पोपडे सुटत. शिशाची चव गोडसर असते. रांगणारे मूल ते पोपडे तोंडात घाली. शिसे रक्तात जाते, मेंदूत जाते, आणि मूल मंद होते किंवा झटके येऊन दगावते. नगराच्या आरोग्यखात्याकडे लघवीच्या तपासणीचे संच होते, परंतु ते घरोघर नेणार कोण? आई मुलाला घेऊन दवाखान्यात येईल तेव्हा तपासू, अशी खात्याची रीत होती. शिशाची बाधा झालेले मूल प्रथम आजारी दिसतच नाही, मग आईने यावे तरी कशासाठी?

ते संच १९६९ च्या शरदऋतूत घरोघर नेले ते ‘यंग लॉर्ड्स’ नावाच्या तरुणांनी. यांचा उगम शिकागो शहरातला. ही मूळची रस्त्यावर हाणामाऱ्या करणारी एक पोर्तो रिकन टोळी. होजे ‘चा चा’ हिमेनेझ या तिच्या म्होरक्याने १९६८ साली तिला राजकीय संघटनेचे रूप दिले. धर्मज्ञानविद्यालयाच्या वाचकांना एक प्रसंग विशेष वाटेल. मे १९६९ मध्ये या तरुणांनी व त्यांच्या साथीदारांनी शिकागोतील मॅकॉर्मिक या प्रेसबिटेरियन धर्मज्ञानविद्यालयाची मुख्य इमारत काही दिवस ताब्यात घेतली. विद्यालयाच्या शेजारची गरीब घरे पाडली जात होती आणि आत ईश्वरविज्ञानाचे पाठ चालू होते. त्यांची मागणी अशी की विद्यालयाने आपला पैसा गरिबांच्या घरांसाठी घालावा. विद्यालयाने बऱ्याच मागण्या मान्य केल्या. मिरजेचे वानलेस रुग्णालय ज्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने उभारले, त्याच परंपरेचे हे विद्यालय होय. सातासमुद्रापलीकडे दवाखाना उघडणाऱ्या परंपरेला आपल्या कुंपणापलीकडील शेजारी दिसू नये, हे वाचून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून ठेवले. अर्थात आपल्या विद्यालयांच्या कुंपणापलीकडे कोण राहते, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

त्याच शहरात ब्रूस जॉन्सन नावाच्या मेथडिस्ट पाळकाने आपले आर्मिटेज अ‍ॅव्हेन्यूवरील उपासनामंदिर या तरुणांस वापरू दिले. सप्टेंबर १९६९ च्या अखेरीस त्यांचा व त्यांच्या पत्नी यूजेनिया यांचा त्यांच्या घरी भोसकून खून झाला. खुनी कधीच सापडला नाही.

न्यू यॉर्कची शाखा २६ जुलै १९६९ रोजी निघाली. तिच्यात बहुतेक विशीतली, काही तर विशीच्या आतलीच मुले होती. कित्येक जण घराण्यातले पहिलेच महाविद्यालयात गेलेले. वस्तीला काय हवे असे त्यांनी लोकांस विचारले, तेव्हा क्रांतीचे नाव कोणी काढले नाही. लोक म्हणाले, कचरा उचला. नगराच्या गाड्या फिरकत नव्हत्या. या मुलांनी झाडू हाती घेतले, आणि गोळा झालेला कचरा कोणी नेईना तेव्हा तो भर रस्त्यात रचून पेटवून दिला. मग गाड्या आल्या.

आता ती मंडळी. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू व १११ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर पहिल्या स्पॅनिश मेथडिस्ट मंडळीचे विटांचे मंदिर आहे. रविवारच्या उपासना व आठवड्यातील थोडे तास सोडले तर ते बंद असे. यंग लॉर्ड्सनी मागणी केली ती एवढीच की शाळेत उपाशीपोटी जाणाऱ्या मुलांना सकाळी न्याहारी देण्यासाठी तळघराची जागा द्यावी. पाळकांनी नकार दिला. ७ डिसेंबर १९६९ च्या रविवारी, साक्ष देण्याची वेळ आली तेव्हा, फेलिपे लुसियानो हा त्यांचा पुढारी उभा राहून बोलू लागला. पोलिसांस आत बोलावलेले होतेच. उपासनामंदिरात लाठ्या चालल्या, लुसियानोचा हात मोडला आणि १३ जणांस अटक झाली. २८ डिसेंबरला, नाताळनंतरच्या पहिल्याच रविवारी म्हणा ना, उपासना संपताच तरुणांनी आतून दारे बंद करून घेतली आणि मंदिराला ‘लोकांची मंडळी’ असे नाव दिले. पुढील ११ दिवस तेथे मुलांना न्याहारी मिळाली, जुने कपडे वाटले गेले, पोर्तो रिकोच्या इतिहासाचे वर्ग भरले. स्वयंसेवक डॉक्टरांनी शिशाची व क्षयाची तपासणी केली. वस्तीतील हजारो लोक त्या दारातून आत आले. त्यांतील कित्येकांनी ते मंदिर आतून प्रथमच पाहिले. ७ जानेवारी १९७० रोजी न्यायालयाच्या मनाईहुकुमाचा भंग केल्याबद्दल १०५ जणांस अटक झाली. ते निमूटपणे बाहेर आले.

ही हकीकत सांगणारे बहुतेक लोक तरुणांच्या बाजूने सांगतात. आम्हांलाही त्यांची मागणी न्याय्यच वाटते. परंतु घरमालकाची बाजू कोणी तरी सांगावयास हवी. त्या मंडळीचे सभासद धनिक नव्हते. कारखान्यात व हॉटेलांत राबून त्यांनी पै पै जमवली होती. त्यांतील बरेच जण वस्ती सोडून थोड्या बऱ्या भागात राहावयास गेले होते व रविवारी परत येत. वस्तीतील दारू, अफू व उकिरडा यांपासून सुटून जाण्याचे त्यांच्या आयुष्यातील एकमेव ठिकाण ते मंदिर होते. पाळक क्युबाचे निर्वासित. डोक्यावर लष्करी टोपी, ओठांवर क्रांती, अशी पोरे दारात उभी राहिली तेव्हा त्यांना न्याहारी दिसली नसेल. आपण कशापासून पळून आलो तेच दिसले असेल. त्यांचा नकार आम्हांला चूक वाटतो, पण परका वाटत नाही. आपल्या सीमाभागातल्या किंवा माळव्यातल्या लहान मंडळ्यांतही मंदिराचा हॉल कोणाला द्यावा यावरून पाळकमंडळाच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात, आणि तेथेही मुख्य मुद्दा पुष्कळदा फरशी खराब होण्याचाच असतो.

आणि छप्पर उसकटणारे सर्वच वेळी शुद्ध हेतूने वर चढत नाहीत हेही खरे. ऑक्टोबर १९७० मध्ये आपला एक साथीदार तुरुंगात मरण पावल्यावर याच तरुणांनी ते मंदिर दुसऱ्यांदा व्यापले. या खेपेस हातांत बंदुका होत्या. पहिल्या ११ दिवसांतील जे काही होते ते त्या दिवशी बरेचसे निसटले, असे आमचे मत आहे.

पण क्रमाने जाऊ. जून १९७० मधील एक प्रसंग या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. क्षयरोगाच्या तपासणीसाठी नगराची क्ष-किरण यंत्र बसवलेली मोठी मोटार पूर्व हार्लेममध्ये येई. मात्र ती ज्या वेळेत येई, त्या वेळेत लोक कामावर असत. रोजंदारीवरचा माणूस खोकतो आहे म्हणून अर्धा दिवस बुडवीत नाही. वेळ वाढवा अशी विनंती झाली. उपयोग झाला नाही. तेव्हा १७ जून रोजी यंग लॉर्ड्सनी ती मोटारच पळवली! आतील तंत्रज्ञांस त्यांनी समजावले, वस्तीतील गजबजलेल्या जागी गाडी उभी केली आणि शेकडो लोकांच्या छातीची तपासणी करविली. नगराने शिक्षा करण्याऐवजी तडजोड केली: मोटार रोज १२ तास, आठवड्याचे सातही दिवस चालावी. यंत्र तेच, फिल्म तीच, तंत्रज्ञ तेच. बदलले ते केवळ घड्याळ.

त्या मोटारीला त्यांनी रामोन एमेतेरिओ बेतान्सेस याचे नाव दिले. हा कोण, हे आपल्या वाचकांस ठाऊक असण्याचे कारण नाही. १८२७ साली पोर्तो रिकोत जन्मलेला हा डॉक्टर पॅरिसमध्ये वैद्यक शिकून आला आणि १८५५–५६ च्या पटकीच्या साथीत मायाग्वेस गावातील गरिबांची त्याने शुश्रूषा केली. त्या वेळी बेटावर गुलामगिरी होती व ती १८७३ पर्यंत टिकली. गुलाम आईच्या तान्ह्या मुलाची सुटका बाप्तिस्म्यापूर्वी केली तर २५ पेसो पडत, बाप्तिस्म्यानंतर ५०. बेतान्सेस व त्याचे मित्र रविवारी मंदिरात बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभे राहत आणि आईच्या हाती २५ पेसो ठेवीत. मूल पाण्याखालून निघे ते मोकळे होऊनच. बाप्तिस्म्याच्या सिद्धांतावर आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो; त्या विधीला कोणी असा भावही लावला होता, आणि त्या भावातून कोणी अशी वाट काढली होती, हे आम्हांस कोणत्याच पाठ्यपुस्तकाने सांगितले नव्हते.

लिंकन रुग्णालयाची कथा मोटारीहून मोठी आहे. १८३९ साली वृद्ध, निराधार कृष्णवर्णीयांसाठी निघालेली ही संस्था पुढे ब्रॉन्क्समध्ये आली व १९२५ मध्ये नगराच्या मालकीची झाली. १९७० पर्यंत तिच्या भोवती पोर्तो रिकन व कृष्णवर्णीय वस्ती दाटली होती, इमारत वापरण्यास अयोग्य ठरली होती, आणि लोकांत तिचे नाव ‘खाटीकखाना’ असे पडले होते. तातडीच्या विभागात तासन्‌तास बसावे लागे. डॉक्टर इंग्रजी बोलणार, रुग्ण स्पॅनिश. मध्ये दुभाषा म्हणून झाडूवाला, नाहीतर रुग्णाचे स्वतःचेच आठदहा वर्षांचे मूल. आईला कोठे दुखते, किती दिवस रक्त जाते, हे मुलाने परक्या पुरुषाला सांगावयाचे. कोणती आई सारे खरे सांगेल?

१४ जुलै १९७० रोजी पहाटे सुमारे १५० जण रुग्णालयाच्या एका इमारतीत शिरले. दिवसभर त्यांनी तेथे तपासणीची केंद्रे चालवली, मागण्या वाचून दाखवल्या, आणि संध्याकाळी बहुतेक जण पोलिसांच्या कड्यातून निसटले. मागण्या अशा: नवी इमारत बांधा, घरोघर प्रतिबंधक उपचार न्या, रुग्णालयाच्या कारभारात वस्तीला व कामगारांना स्थान द्या. आठवडा उलटला नाही तोच ३१ वर्षांची एक पोर्तो रिकन स्त्री याच रुग्णालयात गर्भपातानंतर मरण पावली. त्या राज्यात गर्भपाताला १ जुलैपासूनच कायद्याची मान्यता मिळाली होती. गर्भपाताविषयी आपल्या मंडळ्यांत जी मते आहेत ती येथे उगाळावयाची नाहीत. सांगावयाचे ते एवढेच की तिला जुना हृदयविकार होता आणि वापरलेली पद्धत अशा हृदयाला धोक्याची होती.

त्या उन्हाळ्यात रुग्णालयातील कामगार व यंग लॉर्ड्स यांनी मिळून रुग्णांच्या हक्कांची एक सनद तयार केली. आदराने वागविले जावे; उपचार काय, कशासाठी, हे आपल्या भाषेत समजावे; आपले कागद आपल्याला पाहता यावेत; नको असेल तो उपचार नाकारता यावा. आज हे सारे इतके साधे वाटते की कोणी यासाठी भांडले असेल हेच खरे वाटत नाही. अमेरिकेतील रुग्णालयांच्या संघाने अशी आपली सनद १९७३ मध्ये स्वीकारली. लिंकनची नवी इमारत १९७६ साली उघडली. नोव्हेंबर १९७० मध्ये हेरॉइनच्या व्यसनींसाठी तेथे जो विभाग सुरू झाला, त्यातून कानाला सुया टोचून व्यसनमुक्तीस मदत करण्याची चिनी पद्धतीवर आधारलेली रीत अमेरिकेत रुजली; तो विभाग मात्र नगराने १९७८ मध्ये पोलीस आणून रिकामा केला.

यंग लॉर्ड्स स्वतः फार काळ टिकले नाहीत. १९७१ मध्ये पोर्तो रिकोत शाखा काढण्याचा त्यांचा बेत फसला, १९७२ मध्ये नाव बदलले, माओवादाच्या काथ्याकुटात माणसे दुरावली आणि १९७६ पर्यंत संघटना संपली. टिकले ते त्यांच्याबरोबर काम केलेल्यांचे काम. डॉ. हेलन रोद्रिगेझ-त्रियास १९७० मध्ये लिंकनच्या बालरोग विभागाच्या प्रमुख झाल्या. पोर्तो रिकोत वैद्यक शिकलेल्या या बाईंनी तेथील एक भयंकर गोष्ट जवळून पाहिली होती. १९६५ च्या एका पाहणीनुसार त्या बेटावरील २० ते ४९ वयाच्या मातांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांची नसबंदी झालेली होती. लोक तिला नुसते ‘ला ओपेरासिओन’, म्हणजे ‘ते ऑपरेशन’, म्हणत. पुष्कळ जणींना ते कायमचे आहे हे ठाऊक नव्हते.

हेच दुखणे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीतही उघड झाले. तेथील सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रियांकडून, प्रसूतिवेदना चालू असतानाच, इंग्रजीत छापलेल्या संमतिपत्रांवर सह्या घेतल्या जात. १९७५ साली १० जणींनी दावा लावला. तो ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने ओळखला जातो. १९७८ मध्ये त्या हरल्या: डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, दोन्ही बाजूंचे एकमेकांस समजण्यात चुकले, असे न्यायाधीशांचे म्हणणे पडले. पण एकमेकांस समजण्यात जी चूक होते तिच्यात गर्भाशयाची वाट एकाच बाजूची कायमची बंद होते, हे त्या निकालात कोठे दिसत नाही. परक्या भाषेतील फॉर्मवर, समोरचा माणूस बोट ठेवील तेथे, सही करणे काय असते हे आपल्यापैकी अनेक वाचकांस सांगावयास नको. आणि त्याच सुमारास, १९७६–७७ या एका वर्षात, आपल्या देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत संमती किती होती याचाही आपल्याला विसर पडू नये.

रोद्रिगेझ-त्रियास यांनी १९७५ मध्ये नसबंदीच्या दुरुपयोगाविरुद्ध समिती उभी करण्यात पुढाकार घेतला. १९७८ च्या अखेरीस केंद्र सरकारने नियम जाहीर केले: संमती रुग्णाला समजेल अशा भाषेत असावी, आणि संमती व शस्त्रक्रिया यांच्यामध्ये ३० दिवस जावेत. १९९३ मध्ये त्या अमेरिकन सार्वजनिक आरोग्य संघाच्या अध्यक्ष झाल्या. लॅटिन अमेरिकी वंशाच्या कोणा स्त्रीस तो मान त्यापूर्वी मिळाला नव्हता. २००१ साली त्यांचे निधन झाले. लॉस एंजेलिस काउंटीने त्या स्त्रियांची माफी मागितली ती २०१८ मध्ये, ४० वर्षांनी.

या समाजाविषयी एक कोडे अभ्यासकांना १९८६ पासून छळीत आले आहे. गरिबी व विम्याचा अभाव असूनही अमेरिकेतील लॅटिनो लोकांचे सरासरी आयुर्मान गोऱ्यांहून अधिक दिसते. त्यास कोणी एकत्र कुटुंबाचे बळ म्हणतात, कोणी म्हणतात की धडधाकट माणसेच देशांतर करतात. पोर्तो रिकन मुलांना मात्र हे लाभलेले नाही. दम्याचे प्रमाण त्या देशात त्यांच्यातच सर्वाधिक आहे, आणि दक्षिण ब्रॉन्क्सच्या मालमोटारींनी गजबजलेल्या एका भागाला लोक ‘दम्याची गल्ली’ म्हणतात. बाकीच्यांची ती आघाडीही २०२० मध्ये कोसळली. त्या एका वर्षात लॅटिनो लोकांचे आयुर्मान सुमारे ४ वर्षांनी घटले. एप्रिल २०२० मध्ये न्यू यॉर्कने कोविडच्या मृत्यूंचे जे पहिले आकडे दिले त्यांत ३४ टक्के लॅटिनो होते; लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे २९ टक्के. हॉटेलच्या भटारखान्यात, सफाईत, घरपोच सामान नेण्यात जी माणसे होती त्यांना घरी बसता आले नाही. शिवाय यांत पोर्तो रिकन नागरिकांखेरीज मेक्सिको, एक्वादोर येथून आलेले, कागदपत्रे नसलेले पुष्कळ होते. सरकारी औषधोपचार घेतला तर कायमच्या वास्तव्याच्या अर्जास बाधा येईल असा नियम त्याच वर्षी फेब्रुवारीत लागू झाला होता. ज्यांना तो लागूही होत नव्हता तेही भीतीने दवाखान्यापासून दूर राहिले. मार्च २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला.

भाषेचा प्रश्नही मिटलेला नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी इंग्रजी न येणाऱ्यांची सोय करावी, असा अध्यक्षीय आदेश २००० साली निघाला. मार्च २०२५ मध्ये तो रद्द झाला. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याचे मूळ कलम अद्याप कायम आहे, तसेच न्यू यॉर्क राज्याचे रुग्णालयांतील दुभाष्यांविषयीचे नियमही. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर मंदिरही आहे. त्याच्या समोरून जाणाऱ्या १११ व्या रस्त्याच्या तुकड्याला नगराने यंग लॉर्ड्सचे नाव दिले आहे.